शेवटच्या बाकापर्यंतची रेंज

परीक्षेचा दिवस, सकाळचे साडेनऊ. परीक्षा विभागाच्या खोलीत तीन माणसं, एक संगणक, दोन झेरॉक्स मशिनं आणि दाराला आतून कडी. साडेदहाच्या पेपरची प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून ऑनलाइन यायची आहे. ती उतरवून घ्यायची, छापायची, मोजायची आणि वर्गावर्गात पोचवायची. पडद्यावर ओटीपीची चौकट उघडली आहे, पण ओटीपी काही येत नाही. परीक्षाप्रमुख फोन घेऊन उठतात, कडी काढतात, व्हरांडा ओलांडतात आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर जाऊन उभे राहतात. रेंज तिथंच येते. आकडे ओरडून सांगायची सोय नाही, कारण खाली मुलं उभी आहेत. ते चिठ्ठीवर लिहून घेतात, धावत परत येतात, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. पुन्हा जिना.

तालुक्याच्या गावातलं हे अनुदानित महाविद्यालय. तिथं मी काही वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्या काळात कॉलेजचं नेट सुधारण्याच्या समितीवर होतो, आणि नंतर याच विषयाच्या ओढीनं बऱ्याच कॉलेजांच्या आवारांत फिरलो. सातवी पायरी मला सगळीकडे भेटली. कुठे ती ग्रंथालयाच्या खिडकीत होती, कुठे सायकल स्टँडच्या पत्र्याबाहेर, तर कुठे मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीजवळ. प्रवेशाच्या दिवसांत लेकीला सोडायला आलेले वडील मेस बघतात, खोली बघतात आणि निघताना रेक्टर मॅडमना हमखास विचारतात, ‘मॅडम, हितं रेंज येती का?’ आमच्या मॅडम अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवायच्या. त्याच्या पारावर उभं राहिलं की घरी फोन लागायचा. पावसाळ्यात मुली छत्री धरून तिथं रांगेनं उभ्या असायच्या.

आज विद्यार्थ्याचं निम्मं आयुष्य या अदृश्य धाग्यावर आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ओटीपी लागतो. सीईटीचे फॉर्म, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका, श्रेयांक साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, ‘स्वयम’वरचे अभ्यासक्रम, सगळं नेटवर आलं. ज्या मुलाच्या बाकापर्यंत नेट पोचत नाही, त्याच्यापर्यंत कॉलेजच अर्धं पोचतं.

विद्यापीठांनीच शोधलेली वाट

बिनतारी नेटवर्कचा जन्मच मुळी विद्यापीठात झाला. हवाई विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर होत्या आणि मुख्य संगणक ओआहू बेटावर. मधे समुद्र. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवरून संगणक जोडले आणि त्या जाळ्याला ‘अलोहानेट’ नाव दिलं. त्यांची युक्ती साधी होती. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचं. दोघं एकदम बोलले आणि संदेश आदळले, तर प्रत्येकानं थोडा थोडा वेगळा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. आजचं वाय-फाय आधी कानोसा घेतं आणि मग बोलतं, पण घराणं तेच आहे. वर्गातली साठ मुलं एकाच वेळी व्हिडिओ उघडतात तेव्हा नेट का अडखळतं, याचं उत्तर या घराण्यात आहे. हवा सगळ्यांची एकच आणि बोलायची पाळी एकेकाची. त्यात एखादा जुना, दूर बसलेला फोन सावकाश बोलत असेल, तर बाकीच्या सगळ्यांना त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं.

पुढे १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘वायरलेस अँड्र्यू’ हा प्रकल्प सुरू झाला. वाय-फायचं पहिलं मानक यायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता, ते आलं १९९७ मध्ये. ‘वाय-फाय’ हा शब्द तर १९९९ चा. प्रकल्पाचे प्रमुख अ‍ॅलेक्स हिल्स यांच्यासमोर प्रश्न होता, लहरी सोडणाऱ्या पेट्या लावायच्या कुठे? रेडिओलहर भिंतीत अडते, लोखंडावर आपटून परत येते, एका कोपऱ्यात नीट चालते आणि दोन पावलांवर गायब होते. कागदावरचा नकाशा पुरत नाही, फिरून मोजावं लागतं. पुढे हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मोजणीसाठी चाकांवर ढकलत न्यायचं ‘रोलअबाउट’ नावाचं साधनच बनवलं. ते इमारतीतून ढकलत न्यायचं, आपण कुठे आहोत आणि तिथं लहर किती आहे याची नोंद ते सोबतच ठेवायचं. साऱ्या आवारात वाय-फाय खेळवण्याचा मान ज्यांच्याकडे जातो, त्यांचं मुख्य काम असं पायी फिरण्याचं होतं.

आपल्याकडेही इंटरनेटचा पहिला पाळणा शिक्षणसंस्थांतच हलला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ‘अर्नेट’ सुरू केलं. त्यात आठ संस्था होत्या. जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) आणि पवईची आयआयटी त्यांतल्याच. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. मार्च २०१० मध्ये केंद्रानं ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’साठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या वर्षभर आधी सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेतून विद्यापीठांना १ गिगाबिटची जोडणी आणि कॉलेजांना ५१२ केबीपीएसच्या ब्रॉडबँड जोडण्या द्यायचं ठरलं. तेव्हा आम्हाला ५१२ हा आकडा केवढा मोठा वाटला होता! थोडक्यात, पैसा आला, तारही आली. प्रश्न आहे तो फाटकापासून बाकापर्यंतच्या अंतराचा.

दारातला वेग

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात अनेक वर्षं एक रकाना होता, संस्थेच्या इंटरनेट जोडणीची क्षमता किती? ५ एमबीपीएसपेक्षा कमी, ५ ते १०, १० ते ३०, ३० ते ५० की ५० हून अधिक? कॉलेजनं कंपनीचं बिल जोडायचं आणि वरचा पर्याय निवडायचा. हा आकडा खोटा नसतो. पण तो दारातला असतो. गावात धरणाचं पाणी आलं म्हणून वरच्या आळीतल्या नळाला पाणी येतंच असं नाही. मधली नळी, वाटेतली गळती आणि वरपर्यंत चढणारा दाब कोणी मोजायचा?

आमच्या कॉलेजनं हाच धडा पैसे मोजून घेतला. मुलांची तक्रार होती की रेंज फुल दाखवते पण नेट चालत नाही. आम्ही १०० एमबीपीएसची जोडणी २०० ची केली. बिल वाढलं, तक्रार तशीच राहिली. सकाळी नऊला सगळं ठीक चालायचं, अकरा वाजले की बंद. आमच्या प्रयोगशाळा सहायकानं एके दिवशी मुख्य राउटरची यादी उघडून बसायचं ठरवलं. पावणेअकराला तो मला बोलवायला आला. ‘सर, पत्ते संपलेत.’

कॉलेजच्या नेटवर येणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आतला क्रमांक देतो. पोस्टानं घराला पत्ता द्यावा तसा. आमच्या राउटरमध्ये असे २५४ पत्तेच मांडलेले होते, जसे बहुतेक ठिकाणी मुळातच मांडलेले असतात. आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास त्या फोनच्या नावावर राहायचा. कॅन्टीनमध्ये दोन मिनिटं फोन काढणारा मुलगा घरी गेला तरी त्याचा पत्ता अडकलेला. सगळे पत्ते वाटून झाल्यावर नवा फोन आला की त्याला रेंज पूर्ण दिसायची, पण पत्ता नसल्यामुळे एक अक्षरही पुढे जायचं नाही. आम्ही पत्त्यांची संख्या वाढवली आणि मुदत चोवीस तासांवरून एक तासावर आणली. या कामाला पाऊण तास लागला आणि एक रुपयाही लागला नाही. आधी मोजलं असतं तर वर्षभराच्या वाढीव बिलाचे पैसे ग्रंथालयाला देता आले असते. ही रुखरुख मला अजून आहे.

वही घेऊन फिरणं

त्या दिवसापासून सहायक आणि मी, आम्ही दोघं वही घेऊन फिरू लागलो. फोनवर दिसणाऱ्या उभ्या रेघांवर विसंबायचं नाही हे आधी ठरवलं. लहरीची खरी ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. पेटीच्या अगदी जवळ तो उणे ४० च्या आसपास असतो. उणे ६७ पर्यंत व्हिडिओवर नीट बोलता येतं. उणे ८० च्या पलीकडे पान उघडायलाही मारामार. दर ३ अंकांना ताकद निम्मी होते, म्हणजे उणे ६० आणि उणे ९० यांत हजारपट फरक पडतो. वहीत रकाने आखले होते: जागा, वेळ, वाय-फायचा आकडा, तिन्ही कंपन्यांच्या मोबाइलचा आकडा, दार उघडं की बंद.

दोन आठवड्यांत आवाराचं एक वेगळंच चित्र समोर आलं. जुनी इमारत काळ्या दगडाची, भिंती दोन हात जाड. व्हरांड्यातल्या पेटीची लहर वर्गाच्या दारातून आत शिरायची आणि तिसऱ्या बाकापाशी दमायची. नव्या इमारतीत काचा होत्या, पण उन्हासाठी लावलेल्या धातूच्या लेपाच्या. त्यांतून मोबाइलची लहर आत येईना. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लोखंडी कपाटांची भिंतच उभी. ग्रंथालयात वाय-फायच्या चार पेट्या होत्या आणि चारही एकाच वाहिनीवर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. चौघं एकाच वाहिनीवर म्हणजे एका खोलीत चार वर्ग भरवल्यासारखं. वसतिगृहात मुलांनी स्वतःचे राउटर आणले होते, तेही त्याच वाहिनीवर ओरडत होते.

यावर तोडगे होते आणि फार महाग नव्हते. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. तिथं वाहिन्या भरपूर आहेत, पण लहर भिंतीला लवकर हरते. म्हणून पेटी व्हरांड्यात लावून चालत नाही, ती वर्गाच्या आत हवी. आम्ही पेट्यांची ताकद वाढवली नाही, उलट थोडी कमी केली आणि जागा बदलल्या. पेटी कितीही जोरात बोलली तरी मुलाच्या फोनचा आवाज लहानच असतो. तो परत पेटीपर्यंत पोचला नाही तर संवाद होत नाही.

काचेचा केसासारखा तंतू

मुलींचं वसतिगृह मुख्य इमारतीपासून साधारण पावणेदोनशे मीटरवर. आधी तिथं तांब्याची केबल नेली होती, मधे एक स्विच ठेवून, कारण तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटरची. दर मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडल्या की दोन्ही टोकांचे पोर्ट जळायचे. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून फायबर टाकायचं ठरलं.

जोड मारायला आलेला मुलगा पंचविशीतला. व्हरांड्यात पोतं अंथरून बसला, डब्याएवढं यंत्र समोर ठेवलं. केबलचं काळं कवच सोललं, आतली रंगीत नळी सोलली, स्पिरिटच्या बोळ्यानं तंतू पुसला. पुसताना बारीक ‘कुई’ असा आवाज आला. ‘असा आवाज आला म्हणजे स्वच्छ झाला, सर.’ तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, जवळपास केसाएवढी. त्यातला प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. छोट्या कातरयंत्रात त्यानं टोक सरळ कापलं आणि काचेचा तुकडा झाकणाच्या बाटलीत टाकला. तो कातडीत शिरला तर दिसत नाही आणि निघत नाही. मग दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर. पडद्यावर ती दोन खांबांसारखी दिसत होती. यंत्रानं ती आपोआप रेषेत आणली, एक निळी ठिणगी उडाली आणि खांब एक झाले. पडद्यावर आकडा आला, ०.०२. जोडातून वाया जाणारा प्रकाश नगण्य. त्यानं जोडावर नळी सरकवली, तापवून बसवली, गार व्हायला बाजूला ठेवली आणि पुढचा तंतू हातात घेतला. तासाभरात त्यानं बारा जोड मारले. मान एकदाही वर केली नाही.

त्या वसतिगृहातल्या मुली आज जे ऐकतात, वाचतात, पाठवतात ते सगळं या ठिणगीतून जातं. नेट सुधारलं याचं श्रेय घेणारी भाषणं पुढे झाली. हा मुलगा तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी व्हरांड्यात पोतं अंथरून बसला असणार.

घरचा फोन

वाय-फाय वसतिगृहात पोचलं तरी कडुनिंबाखालची रांग हटली नाही. कारण फोन. गावाकडचे आईवडील व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत नाहीत, ते साधा नंबर लावतात. मोबाइलचा टॉवर आमच्यापासून लांब, टेकडीपलीकडे. टॉवर आवारात घ्यावा म्हटलं तर पालकांना किरणांची भीती. ती समजून घ्यायला हवी आणि उत्तरही द्यायला हवं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शिवाय टॉवर लांब असला की आपला फोन त्याच्यापर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो. बॅटरी लवकर उतरते ती त्यानंच, आणि तो फोन आपल्या कानाला असतो.

कोणीतरी बाजारातून सिग्नल बूस्टर आणायचं सुचवलं. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि कारणही रास्त आहे. असं यंत्र आसपासच्या सगळ्या फोनांच्या लहरीत गोंधळ घालतं, एका वसतिगृहाची सोय होते आणि शेजारच्या वस्तीचे फोन तुटतात. कंपनीकडून इमारतीच्या आत अधिकृत अँटेना बसवून घेता येतात, पण छोट्या कॉलेजसाठी कंपनी सहसा पुढे येत नाही.

उत्तर हातातच होतं. २०१९ च्या डिसेंबरपासून भारतात वाय-फाय कॉलिंग सुरू झालं आहे. फोनला टॉवर मिळाला नाही तरी वाय-फायवरून साधा नंबर लागतो, येतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही, पलीकडच्याला काही करावं लागत नाही. बऱ्याच फोनांत ही सोय असते, फक्त सेटिंग बंद असतं. आम्ही मुलींना ते चालू करायला सांगितलं. तरी फोन लागेना. वहीत तीन दिवस ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. शेवटी कळलं की अडसर आमच्याच फायरवॉलचा. वाय-फाय कॉल कंपनीपर्यंत बंद नळीतून जातो, व्हीपीएनसारखा. त्यासाठी यूडीपीचे दोन दरवाजे लागतात, ५०० आणि ४५००. मुलांनी व्हीपीएन वापरून नको ते बघू नये म्हणून आम्ही तेच बंद करून ठेवले होते. ते कंपन्यांच्या कॉलिंगपुरते उघडले. त्या रात्री एक मुलगी आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असताना तिला आईचा फोन आला. महाराष्ट्रातल्या कित्येक वसतिगृहांत हे दोन दरवाजे आज बंद असतील. ते उघडायला निधी लागत नाही, माहिती लागते.

वसतिगृहाचा विचार करताना मला केरळचा एक निकाल आठवतो. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी फोन वापरायला बंदी होती. बीएच्या एका विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तिला वसतिगृह सोडावं लागलं, ती न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. सिंधुदुर्गात एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून तासांना बसत असल्याचं महाराष्ट्रानं वाचलं. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, आणि ते योग्यच. पण शिकण्यासाठी मुलीला डोंगर चढावा लागतो ही आपल्या व्यवस्थेची नामुष्की आहे, हेही तेवढ्याच मोठ्यानं म्हणायला हवं.

आवारातल्या ज्ञानाचा उपयोग आवाराबाहेर कसा करायचा, हे आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’नं दाखवलं आहे. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटानं आताच्या पालघर जिल्ह्यातल्या गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेलं आणि गावात वाय-फायनं वाटलं. झाडी आणि चढउतार ओलांडायला त्या लहरी चांगल्या. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिला पुरस्कार मिळाला. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजला स्वतःच्या आवारापुरतं तरी असं काम करता येईल. मुलांना प्रकल्प हवेच असतात, आणि वही घेऊन फिरण्याइतका चांगला प्रकल्प दुसरा नाही.

तेव्हा प्राचार्यांना, संस्थाचालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नवी जोडणी घेण्याआधी दोन आठवडे मोजा. शेवटच्या बाकावर, वसतिगृहाच्या आतल्या खोलीत, सकाळी अकरा वाजता मोजा. दर जूनला पुन्हा मोजा, कारण कपाटं हलतात, झाडं वाढतात, मुलं बदलतात. नवी इमारत बांधताना विजेच्या नळीसोबत नेटवर्कची नळी टाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम केले आहेत, वास्तुविशारदाला ते दाखवा. आणि हे काम जो सांभाळतो, त्या सहायकाला ‘नेटवाला पोरगा’ म्हणून चोवीस तास राबवू नका. त्याला पद द्या, पगार द्या, प्रशिक्षणाला पाठवा. पेट्या पाच-सहा वर्षांत जुन्या होतात. आवाराची नाडी ओळखणारा माणूस गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यंदा जूनमध्ये मी सहज त्या वसतिगृहात गेलो होतो. प्रवेशाचा दिवस. एक वडील वळकटी खाली ठेवून विचारत होते, ‘मॅडम, हितं रेंज येती का?’ मॅडमनी कडुनिंबाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मुलीचा फोन मागून घेतला, सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि परत देत म्हणाल्या, ‘खोलीत जाऊन बस, बाळा. बाबा, आता तुम्ही हिला फोन लावा बघू.’ वडिलांनी नंबर लावला. आतून, जाड भिंतीपलीकडून, रिंग ऐकू आली.